मागच्या वर्षीचं वेळापत्रक

बाबांनी भरती-ओहोटीचं वेळापत्रक नीट वाचलं होतं,
फक्त ते मागच्या वर्षीचं होतं.

हे कळलं दुपारी.
तोवर आमची हिरवी गाडी ओल्या वाळूवरून
दगडी खांबांच्या कडेकडेने
(सोळा खांब; ओर्ला म्हणे सतरा)
पलीकडच्या बेटावर पोचून निवांत उभी होती
आणि खांब कमरेइतक्या पाण्यात.

जुलै होता. म्हणजे स्वेटर होते.
आमच्याकडे उन्हाळा येतो तो असाच,
अंगावरचा कोट न काढता
दारातूनच ‘बसत नाही आता’ म्हणणारा.
त्या दिवशी मात्र बसला.

सकाळभर आम्ही बेट पालथं घातलं.
छप्पर उडालेलं चर्च, आत मेंढ्या,
त्यातली एक थेट वेदीच्या जागी, रवंथ करत.
खडकातल्या डबक्यात एक लाल फूल होतं
त्यात ओर्लाने बोट घातलं तर ते मिटलं,
बोट जरा वेळ धरून ठेवलं त्याने,
मग नापसंत पडल्यासारखं सोडलं.
रोनन खडकाला चिकटलेली शिंपी टाचेने उडवत होता.
ती हलेना.
‘तू येणार हे तिला आधीच कळलं,’ बाबा म्हणाले,
‘समुद्रात बेसावध राहून चालत नाही.’
त्यांच्या पाठीमागे तेव्हाच
पाणी पहिल्या खांबाला वळसा घालत असणार.

डर्व्हला मावशी बर्मिंगहॅमच्या इस्पितळात रात्रपाळ्या करायची,
वर्षातले पंधरा दिवस आमची.
खडकावरचं काळपट तांबडं शेवाळ तोडून
तिने तसंच तोंडात टाकलं, मिठासकट.
‘तिकडे मिळत नाही हे.’
‘मिळतं की,’ आई म्हणाली, ‘पाकिटात.’
‘तेच म्हणतेय मी.’

मग बाबा बूट हातात घेऊन पाण्यापर्यंत गेले,
कुणाला तरी जाब विचारायला गेल्यासारखे,
आणि तसेच परत आले.
आई काही बोलली नाही.
ती बोलली असती तर बरं झालं असतं.
तिने डबा उघडून मोजलं :
अंड्याची सहा सँडविचं, मनुकांचा अर्धा पाव,
थर्मासात तीन कप चहा, तोही सांडला नाही तर.
रात्री दहापर्यंत.

आणि मग आईने बांगडीसारखं मनगटावरचं घड्याळ सरकवून काढलं,
माझ्या हातात दिलं,
परकर खोचला,
आणि चालत, चालत, पोहत गेली.

आम्हाला तिला पोहता येतं हेच माहीत नव्हतं.
घरी तर ती टबाच्या काठावरसुद्धा बसायची नाही.
दूर एका सीलने डोकं वर काढलं,
दोघांनी एकमेकांकडे पाहिलं,
ओळख पटत नाही तशा शेजाऱ्यांसारखं.

‘इथेच शिकलो आम्ही,’ मावशी म्हणाली, ‘तिघी.’

रोननने तोंड उघडलं.
बाबांनी त्याच्या तोंडात पाव कोंबला.

दहा वाजले तरी आभाळ
धुतलेल्या दुधाच्या बाटलीएवढं उजळ होतं.
खांब एकेक करून पाय मोकळे करत उभे राहिले.
सतराच होते. ओर्लाने ते दोनदा सांगितलं.
दाताखाली वाळू करकरत होती, कुणाचीच तक्रार नव्हती.

पलीकडच्या काठावर एक ट्रॅक्टर, दिवे लावलेला.
म्हातारा फेस्टस केरिगन, संध्याकाळी सातपासून तिथेच,
असं नंतर दुकानात कळलं.
त्याने खिडकीतून आत वाकून आम्हाला मोजलं,
बोट न उचलता, नुसत्या ओठांनी.
‘सहा,’ तो म्हणाला. ‘छान झाली संध्याकाळ.’
आईने काचेतून हात बाहेर काढून
त्याचा हात धरला.
गाडी सुरू होती. बाबांनी गिअर टाकला नाही.

चार वर्षांनी ती गाडी विकली
तेव्हाही मागच्या सीटखाली वाळू निघाली.
घेणाऱ्याने त्यावरून किंमत पाडून मागितली.
बाबांनी एक पैसा कमी केला नाही.